नाटक म्हणाले, म्हणून उडी शिकले

माझ्या आजाराला पहिलं नाव मिळालं ते 'नाटक'. खरं नाव चौथ्या दिवशी मिळालं, जीबीएस. हल्ली हे नाव पेपरात येतं, लोकांना ठाऊक असतं. नव्वदच्या दशकात बंगळूरमधल्या आमच्या ओळखीपाळखीत ते कुणी ऐकलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सुनेला हाच आजार झाला होता. तिला दोन शब्द सांगा, म्हणाल्या. मी धीर धरा, वेळ लागतो, सगळं परत येतं, असं बरंच बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला जे खरं उपयोगी पडलं ते मी सांगितलंच नाही. मला उपयोगी पडला राग, आणि टीव्हीवर खेळायचा एक गेम. त्या सुनेसाठी हे लिहिते आहे.

चालून दाखवा

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. एका सरकारी कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढत, ते मी शाईनं ट्रेसिंग पेपरवर उतरवायची. माझी रेघ सेक्शनमध्ये सगळ्यांत बारीक आणि सरळ यायची, आणि मला त्याचा गर्व होता. माझे यजमान, सुधीर, त्याच कारखान्यात इंजिनिअर. ते पुण्याचे. मी इथलीच, आमचं घराणं बंगळुरात कधी आलं हे घरात कुणाला नीट सांगता येत नाही. आम्ही दोघं यशवंतपूरला भाड्यानं राहायचो. मूलबाळ नव्हतं.

संक्रांतीच्या आठवड्यातला सोमवार. सकाळपासून तळपायाखाली कुणीतरी रवा पसरल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरताना गुडघा मुडपला आणि मी पायरीवरून खाली आले. मंगळवारी सुधीर मला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी माझे डोळे पाहिले, नाडी पाहिली. पायाला हात लावला नाही. मग विचारायला लागले, लग्नाला किती वर्षं झाली, मूल का नाही, सासूशी पटतं का. मी म्हटलं, "डॉक्टर, माझे पाय बधिर झालेत."

"बरं. उठा, चालून दाखवा."

मी उठले. तीन पावलं टाकली आणि पडले. पडताना दोन्ही हात पुढे केले, त्यामुळे तोंडावर आपटले नाही. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. सुधीरकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "पाहिलंत? हात कसे बरोबर पुढे आले. खरंच ताकद गेलेला माणूस असा सांभाळून पडत नाही. सगळं नाटक आहे, यांना घरात लक्ष हवंय."

मला इंग्रजी येत नाही असं त्यांनी का धरलं कोण जाणे. केसपेपरवर त्यांनी एक शब्द लिहिला, हिस्टेरिया, आणि खाली ताकदीच्या गोळ्या.

सुधीरनी मला उचलून उभं केलं. घरी येताना रिक्षात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टर म्हणतायत तर काहीतरी असेल ना."

थर्मास

बुधवारी हातातून फुलपात्र निसटलं. गुरुवारी मला कुशीवर वळता येईना. सुधीरना कामावर जायचं होतं, सेक्शनमध्ये तपासणी होती. त्यांनी उशाशी पाण्याचा थर्मास ठेवला, गोळ्या ठेवल्या.

मी म्हटलं, "मला झाकण उघडता येणार नाही."

"अगं, प्रयत्न तर कर," ते म्हणाले, आणि दार ओढून गेले.

ते वाईट माणूस नव्हते. हे मला आज लिहिता येतं. त्या दिवशी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत मी त्या थर्मासकडे बघत होते. तो माझ्या हातापासून वीतभर लांब होता. घसा कोरडा पडला होता आणि आवाज बारीक होत चालला होता. शेजारीण ऐकेल म्हणून हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही.

तीनच्या सुमारास माझा थोरला भाऊ आला. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. संक्रांतीचा एळ्ळु, म्हणजे तीळ-गूळ-खोबऱ्याचा डबा, द्यायला तो बनशंकरीहून आला होता. मला बघून त्यानं डबा जमिनीवरच ठेवला. आधी चमच्यानं पाणी पाजायला गेला, तर ते नाकातून आलं. तेव्हा त्यानं मला पाठीवर घेतलं, जिना उतरला आणि रिक्षावाल्याला मोठ्या सरकारी इस्पितळाचं नाव सांगितलं.

खरं नाव

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. घोट्यावर, कोपरावर ठोकलं. काहीच नाही. तिचा चेहरा बदललेला मला दिसला.

"कधीपासून?"

"सोमवार," अण्णा म्हणाला.

"आज गुरुवार. कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं," मी म्हटलं. "त्यांनी नाटक आहे म्हणून सांगितलं."

ती खाटेच्या कडेला बसली आणि मला सरळ सांगितलं. नसांचा आजार आहे. पायांपासून वर चढतोय. छातीपर्यंत जाईल, कदाचित श्वासाला मशिन लागेल. मग चढायचा थांबेल आणि हळूहळू उतरेल.

"नक्की उतरेल?"

"बहुतेकांचा उतरतो," ती म्हणाली. खोटं बोलली नाही म्हणून मी तिची आजही ऋणी आहे.

त्याच संध्याकाळी मशिन लागलं.

मशिनवरचे दिवस

अकरा दिवस घशात नळी होती. बोलता येत नव्हतं, बोट हलत नव्हतं. सगळं ऐकू येत होतं. लोक अशा माणसाच्या खाटेशी उभे राहून काय काय बोलतात ते त्या सुनेच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं.

भीती वाटायची ती मशिन बंद पडण्याची. वीज गेली की दिवे जात आणि मशिन पुन्हा चालू होईपर्यंत आया लक्ष्मम्मा पळत येऊन हातानं फुगा दाबायची. एरवीही ती येता-जाता माझ्याजवळ थांबायची. तिला कसं कळायचं माहीत नाही, पण ती माझं नाक खाजवून द्यायची. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग विचारायची, "साकाऽ?" म्हणजे पुरे का. मी डोळे उघडमीट करायची. मला सगळ्या आजारपणात मिळालेलं सगळ्यांत मोठं सुख ते होतं.

सुधीर रोज कारखाना सुटल्यावर येत. स्टुलावर बसत. त्यांचं वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती. ते आले की मी डोळे मिटून घ्यायची. शरीरात तेवढंच माझ्या ताब्यात उरलं होतं आणि ते मी त्यांच्याविरुद्ध वापरलं. ते गेले की उघडायची. लक्ष्मम्माला हे समजलं. एकदा ती त्यांना म्हणाली, "झोपत नाही ती. रागात आहे." ते तसेच बसून राहिले.

आणि दवाखान्याचे डॉक्टर. त्यांचा विचार मी सकाळ-संध्याकाळ करायची. त्यांना त्या फरशीवर पाडायचं. त्यांनी हात पुढे केले की म्हणायचं, पाहिलंत? दुसऱ्या बायका देवाचं नाव घेत होत्या. मला ते जमलं नाही.

अंगठा

सहा आठवड्यांनी इस्पितळातून सोडलं. मी यशवंतपूरला गेले नाही. अण्णाला म्हटलं, तुझ्याकडे ने. सुधीर माझी पिशवी घेऊन टॅक्सीपर्यंत आले आणि दार लावून मागे राहिले.

आधी खांदे आले, मग मांड्या. बोटं सगळ्यांत शेवटी येतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला रबरी चेंडू दिला होता. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मी चार दिवसांत त्याला कंटाळले. चेंडू दाबला तरी काही घडत नव्हतं. तो फक्त चेंडूच राहत होता.

अण्णाचं बनशंकरीला देवळाच्या मागच्या रस्त्यावर व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायचं दुकान होतं. तिथे टीव्ही गेमही मिळायचे. एका रविवारी त्यानं एक संच घरी आणला, टीव्हीला जोडला आणि कंट्रोल माझ्या मांडीवर ठेवला. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन लाल बटणं. एक पळायचं आणि वार करायचं, एक उडायचं.

"मी काय लहान आहे का?" मी म्हटलं.

"चेंडूपेक्षा बरं ना? स्वल्प बघ तर खरं."

गेम असा होता: गळ्याला लाल पंचा बांधलेला एक माणूस एका उंच बुरुजावर चढत जातो. वाटेत खड्डे, काटे, हलणाऱ्या फळ्या. सगळ्यांत वर पांढरा झगा घातलेला एक टकला. तो सुया फेकून मारतो. मी त्याला पाहिलं आणि विचारलं, "हा मरतो का?"

"मरतो. पण तिथवर पोचावं लागतं."

"सरी," मी म्हटलं, म्हणजे बरं. "शिकव."

उडी

पहिले तीन आठवडे माझा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडत होता. कारण साधं होतं. उडीचं बटण नुसतं टेकवलं तर माणूस छोटीशी उडी मारतो. दाबून धरलं तर उंच जातो. माझा अंगठा बटणावर जायचा, दाबायचा आणि लगेच घसरायचा. त्यामुळे माझ्याकडे एकच उडी होती, वीतभर उंच. खड्डा हातभर होता.

अण्णा दुकानात पोरांना खेळताना बघून बघून शिकला होता. तो शेजारी बसायचा. "तू घाबरून आधीच उडतेस वैजू. कडेपर्यंत जा. शेवटच्या विटेवर पाय आला की मग दाब."

"शेवटच्या विटेवर पडले तर?"

"पडलीस तर पुन्हा सुरू. इथे कोण केसपेपर लिहितंय?"

मी शेवटच्या विटेपर्यंत जायला शिकले. मग दाबून धरायला. एक आकडा मोजेपर्यंत धरता आलं त्या दिवशी खड्डा पार झाला. सुमनवहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली आणि तिच्या हातातलं कणकेचं पातेलं तसंच राहिलं.

मग पळत उडी. तिच्यात खरी गोम आहे. पळायचं बटण सोडायचं नाही आणि उडीचं दाबायचं, दोन्ही एकाच अंगठ्यानं. म्हणजे अंगठ्याचं टोक पळायच्या बटणावर ठेवून अंगठा आडवा टाकायचा आणि मधल्या पेरानं उडीचं बटण दाबायचं. माझ्या अंगठ्याचं ते पेर मेलेलं होतं. मी रोज सकाळी आंघोळ झाली की टीव्हीसमोर बसायची आणि त्या पेराला सांगायची, वाक. ते वाकत नसे. मग मी डॉक्टरांचा आवाज आठवायची. उठा, चालून दाखवा. एप्रिलमध्ये केव्हातरी ते वाकलं.

हवेत गेल्यावरही काम संपत नाही. उलट दिशेचं बटण दाबलं तर माणूस हवेतच मागे रेटला जातो, उडी आखूड होते, फळी निसटत नाही. हे डाव्या अंगठ्याचं काम. माझा डावा हात उजव्याच्या महिनाभर मागे होता. मी त्यालाही सोडलं नाही.

व्यायामाच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की नसा आपल्या गतीनं भरतात, गेमनं भरत नाहीत. खरं असेल. पण चेंडू मी दिवसातून दहा मिनिटं दाबायची, आणि बुरुजावर तीन तास चढायची.

रविवारी सुधीर येत. आल्यावर मोसंबी ठेवत आणि माझ्याकडे न बघता टीव्हीकडे बघत. एकदा म्हणाले, "मी खेळून बघू?"

मी कंट्रोल दिला. ते पहिल्या खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. सात-आठ वेळा पडले. कानशिलं लाल झाली. मला फार गोड वाटत होतं, हे लपवत नाही.

"हे होत नाही माझ्याच्यानं," ते म्हणाले.

"अहो, प्रयत्न तर करा," मी म्हटलं.

त्यांनी कंट्रोल खाली ठेवला. त्यांना थर्मास आठवला होता, ते चेहऱ्यावर दिसलं. मग ते उठले, मोसंबी सोलली आणि फोडी माझ्यासमोर ठेवून गेले. मी त्या खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी खाल्ल्या.

पत्र

जूनमध्ये कारखान्याचं पत्र आलं. कामावर रुजू होण्याआधी मेडिकल बोर्डासमोर यावं. खाली एक ओळ होती: दवाखान्याच्या नोंदीत मानसिक अस्थैर्याचा शेरा असल्यानं अर्जदाराला ड्रॉइंग सेक्शनमधून हलवून साध्या कामावर ठेवण्याचा विचार आहे.

इस्पितळाचे सगळे कागद आम्ही आधीच पाठवले होते. तरी तो एक शब्द फायलीत तसाच होता. बोर्डावर तीन डॉक्टर असणार होते आणि त्यातले एक तेच.

अण्णा म्हणाला, "जाऊ दे वैजू. जीव वाचला. साधं काम तर साधं काम."

मी टीव्ही लावला. मी तेव्हा दोन भिंतींच्या विहिरीत अडकले होते. बुरुजात एक जागा अशी आहे की फळ्या नाहीत, नुसत्या समोरासमोर दोन भिंती. भिंतीला अंग लागलं की त्याच क्षणी उलटी दिशा आणि उडी एकदम दाबायची. माणूस भिंतीला लाथ मारून समोरच्या भिंतीवर जातो. तिथून पुन्हा इकडे. असं बारा वेळा. एक चुकलं की तळाशी. दोन्ही अंगठे एकाच वेळी लागतात, आणि आलटूनपालटून.

त्या दिवशी मी ती विहीर चढले नाही. पुढच्या पंधरा दिवसांतही नाही. पण रोज दुपारी मी पेन धरून रेघा मारायला लागले. आधी जाड, वाकड्या. मग बऱ्या.

विहीर चढले त्यानंतर चार दिवसांनी टकल्यापर्यंत पोचले. तो आपण उडालो की उडतो आणि वरून सुया टाकतो. सगळे त्याच्यापेक्षा उंच उडायला जातात आणि मरतात. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि बटण नुसतं टेकवलं. ती माझी पहिल्या दिवसांची वीतभर उडी. तो फसला, उंच गेला, आणि मी त्याच्या खालून पळत मागे गेले. पाठीत तीन वार लागतात. तिसरा बसला तेव्हा माझ्या तोंडून जी शिवी गेली ती अण्णानं माझ्याकडून कधी ऐकलेली नव्हती.

बोर्ड

ऑगस्टमध्ये बोर्ड बसला. सुधीर सोबत आले होते, बाहेर बाकावर बसले. मी आत गेले. जिना मी कठड्याला हात न लावता चढले होते, पण ते बघायला कुणी नव्हतं.

मधल्या खुर्चीवर एक वयस्कर डॉक्टरीण होत्या. त्यांनी टाचणी उचलायला लावली, बटणं लावायला लावली, चालवलं. मग म्हणाल्या, "उत्तम आहे. काही अडचण दिसत नाही."

तेव्हा आमचे डॉक्टर बोलले. "आजार होता, मान्य. पण माझी नोंद स्वभावाबद्दल होती. दोन्ही खरं असू शकतं."

मी पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला. घरी केलेलं ड्रॉइंग होतं, गिअरचं. टेबलावर पसरलं. "ही रेघ माझी आहे. मला ड्रॉइंग सेक्शन हवाय. आणि तो शब्द खोडून हवाय. यांच्याच हातानं."

"मी ते तात्पुरतं लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. "बाईंना मी नीट तपासलं होतं. नाटक वगैरे शब्द मी वापरत नाही."

वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या वेळी सोबत कोण होतं?"

सुधीरना आत बोलावलं. ते दारात उभे राहिले. त्यांची बढती त्या वर्षी व्हायची होती आणि डॉक्टरांची वरपर्यंत ओळख होती, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी खोटं बोलावं असंही मला क्षणभर वाटलं, म्हणजे माझा राग कायमचा खरा ठरला असता.

"मी होतो," सुधीर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "यांनी तिच्या पायाला हात लावला नाही. ती पडली तेव्हा म्हणाले, हात पुढे केले म्हणजे सांभाळून पडली, नाटक आहे, लक्ष हवंय. मी ते ऐकलं आणि मला ते पटलं. दोन दिवसांनी मी तिला घरात एकटी सोडून कामावर आलो. पाणी तिच्या हाताला लागत नव्हतं."

कपाळावरचा घाम त्यांच्या डोळ्यांत गेला होता, पण त्यांनी तो पुसला नाही. मी सगळं बघितलं. एवढे दिवस मला हवं होतं ते हेच की काय, असं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल आमच्या डॉक्टरांपुढे सरकवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, शब्दावर रेघ मारली, वर खरं नाव लिहिलं, सही केली. रेघ वाकडी आली. माफी त्यांनी मागितली नाही. मी ती मागायला लावलीही नाही.

घरी

त्या सुनेला माझं सांगणं एवढंच: तुझ्या कागदांवर कुणी काय लिहिलंय ते वाचून घे. चुकीचं असेल तर लिहिणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घे. आणि हाताला असं काहीतरी दे, जे दाबल्यावर समोर काही घडेल. राग आला तर येऊ दे. मला त्यानं सकाळी उठवलं.

बोर्डाच्या दिवशी आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. सुधीरनी विचारलं, "आता घरी येशील?"

"अजून नाही," मी म्हटलं.

ते सरी म्हणाले. चक्क आमच्याकडचं सरी. पुण्याच्या माणसाच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी त्यांना आणखी दोन महिने थांबवलं. खरं तर दुसऱ्या आठवड्यातच माझी पिशवी भरून तयार होती. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.